वाळकेश्वरची पायरी, अकलूजचं कुलूप आणि आपलं विहार



७ डिसेंबरला आम्ही सहा जण मुंबईत वाळकेश्वरचं जैन मंदिर बघायला गेलो. आमच्यातल्या एकाने दारातल्या दगडी हत्तीजवळ काढलेला फोटो गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि रात्री परतीच्या गाडीत बसेपर्यंत ग्रुप पेटला. काल चैत्यभूमी आणि आज देऊळ? बावीस प्रतिज्ञा काय फक्त भिंतीवर लावायला आहेत? एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तर लिहिलं, ‘शेगावात देऊळ कमी पडलं म्हणून पोरं मुंबईला गेली.’ हे वाक्य आम्हाला आवडलं. त्यात विनोद आहे आणि थोडं सत्यही आहे. बाकीच्यांना तिथे तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं, म्हणून हा लेख.

आधी प्रतिज्ञांचं बघू. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही आणि त्यांची उपासना करणार नाही, असं आम्ही बोललो आहोत आणि पाळतो. डोळे मिटून फिरेन, अशी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी दिलेली नाही. ज्या माणसाने हिंदू धर्मग्रंथ आपल्या विरोधकांपेक्षा बारकाईने वाचले, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्याच्या दारात डोकावायलाही घाबरावं, हा भित्रेपणा आहे. मज्झिम निकायात उपाली गृहपतीची गोष्ट आहे. तो निगंठांचा, म्हणजे आजच्या भाषेत जैनांचा, मोठा दाता उपासक. बुद्धाशी वाद घालायला आला आणि बुद्धाचा झाला. तेव्हा बुद्धाने त्याला सांगितलं की नीट विचार करून ठरव, आणि इतकी वर्षं तुझ्या घरी निगंठांना भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. आपल्या शास्त्याचं मन एवढं मोठं होतं. आपल्या ग्रुपचं मन केवढं आहे, ते १०० मेसेज वाचून कळलं.

आता शेगावचं. शेगावात जन्मलेल्या माणसाला देऊळ टाळता येत नाही. बाहेरगावी गावाचं नाव सांगितलं की समोरचा आधी हात जोडतो, मग कचोरीचं विचारतो. गजानन महाराज १८७८ साली या गावात प्रकट झाले असं भक्त मानतात. १९१० साली त्यांनी समाधी घेतली, आणि तेव्हापासून गावाचा बाजार, लॉज, ऑटो सगळं त्या कळसाभोवती फिरतं. आमच्यातल्या एकाचे वडील स्टेशन ते मंदिर अशी ऑटो चालवतात. म्हणजे आमच्या चळवळीच्या चहाचे पैसेही भक्तांच्याच खिशातून येतात, असं आम्ही त्याला चिडवतो. आम्ही त्या मंदिराचे भक्त नाही. पण तिथली स्वच्छता, रांगेची शिस्त, पगार न घेता राबणारे सेवाधारी, १९८३ साली सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय, हे सगळं लहानपणापासून पाहत आलो आहोत. दानपेटीतल्या पैशाचं पुढे काय करता येतं हे आम्हाला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही, गावाने शिकवलं. समाजशास्त्रात एम.ए. करताना धर्मसंस्थेवरची प्रकरणं वाचली, तेव्हा डोळ्यांपुढे आमच्याच गावातली रांग उभी राहत होती.

मग वाळकेश्वरलाच का गेलो? आमच्यात एक जण वकिलीचं शिकतो. त्याच्या पिशवीत एका निकालाची झेरॉक्स होती. १९५१ चा मुंबई हायकोर्टाचा निकाल, अकलूजच्या जैन मंदिराबद्दलचा. ६ डिसेंबरच्या रात्री दादरला पुस्तकांच्या स्टॉलमागे बसून त्याने त्यातला मुद्दा समजावून सांगितला, आणि आमची झोप उडाली. सकाळी म्हणाला, अकलूज लांब आहे, जवळचं बघू.

दादरहून लोकलने चर्नी रोड, तिथून गिरगाव चौपाटीच्या कडेने चालत वर. आदल्या दिवशी आपले लाखो लोक ज्या शहरात फुटपाथवर झोपले, तेच हे शहर यावर वर चढताना विश्वास बसत नाही. झाडं वेगळी, सावली वेगळी, हॉर्नसुद्धा कमी. बाबू अमीचंद पनालाल आदीश्वरजी मंदिर रिज रोडवर आहे. १९०४ साली बांधलेलं. त्या रस्त्याचं आताचं नाव बाळ गंगाधर खेर मार्ग. हे खेर कोण, ते पुढे येईल.

मंदिर सुंदर आहे. हे आम्ही काचकूच न करता लिहितो, कारण आपल्याकडे दुसऱ्याचं सुंदर म्हटलं की निष्ठा तपासायला लोक येतात. दाराशी दोन बाजूंना दोन दगडी हत्ती. आत पांढरा संगमरवर, खांबांवर कोरीव काम, आणि छतावर, भिंतींवर रंगीत चित्रं, तीर्थंकरांच्या जीवनातले प्रसंग. घुमटाकडे बघत राहिलं की मान दुखते, तरी नजर खाली येत नाही. गाभाऱ्यात आदीश्वर, म्हणजे ऋषभदेव, पहिले तीर्थंकर. पद्मासन, अर्धोन्मीलित डोळे. क्षणभर आमच्यातल्या दोघांचे हात सवयीने जुळायला निघाले होते, कारण मूर्ती आपल्या मूर्तीसारखी दिसते. वेरूळला जे गेले आहेत त्यांना हे माहीत आहे. तिथल्या ३४ लेण्यांत १ ते १२ आपली, ३० ते ३४ जैनांची, आणि मधली ब्राह्मणी. गाइड सांगत नसेल तर तीर्थंकर कोणता नि बुद्ध कोणता, यात शहरी पर्यटक रोज चुकतात. हे चुलतभावासारखं साम्य आहे. दोघांनी वेद नाकारले, यज्ञातली हिंसा नाकारली, दोघेही श्रमण परंपरेतले. फरक मोठा आहे, तोही सांगायला हवा. तिथे आत्मा आहे, शरीर झिजवणारं तप आहे, मागच्या जन्मांचं कर्म आहे. बुद्धाने आत्मा नाकारला आणि देह झिजवणं सोडून दिलं.

तिथे आम्हाला कोणी जात विचारली नाही, आडनाव विचारलं नाही. एका आजोबांनी तर गुजराती-मराठी-हिंदी मिसळून घुमटावरची चित्रं समजावून सांगितली. कोणी अपमान केला नाही, म्हणून लेखाला मसाला मिळाला नाही, असं समजा.

फक्त एक गोष्ट घडली, आणि तीही बाहेर, आत शिरायच्या आधी. जैन मंदिरात चामड्याची वस्तू नेत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. आम्ही पट्टे काढले, पाकिटं काढली, एका पिशवीत भरली. आमच्या सहामध्ये एक मित्र चर्मकार समाजातला आहे. त्याचे आजोबा शेगावच्या बाजारात चपला शिवायचे. त्याचा पट्टा त्याच्या वडिलांनी केलेला. तो काढताना हसून म्हणाला, ‘भाऊ, मायी वस्तू बाहेर राहीन, मी आत जाईन. आजोबाच्या टायमाले उलटं होतं. चामडं आत होतं, नगाऱ्यावर, आन् आजोबा बाहेर.’

तो बोलून गेला आणि पायऱ्या चढला. आम्ही मागे राहिलो, पिशवी सांभाळत.

अहिंसेचा नियम म्हणून चामडं नको, हे आम्ही समजू शकतो. पण शतकानुशतकं गावात मेलेलं जनावर ओढून नेणाऱ्या, सोलणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या माणसाने ते जनावर मारलेलं नसायचं. ते मेलेलं असायचं. हिंसा त्याच्या हातून झालेलीच नाही, तरी विटाळ त्याला चिकटला. अहिंसा आणि विटाळ या दोन गोष्टी आपल्या समाजात कुठे एकमेकींत शिरल्या, हे कोणी नीट उकलून दाखवावं. जनावरावर दया करणारा धर्म त्या जनावराचं ओझं वाहणाऱ्या माणसाजवळ येऊन का थबकतो, हा प्रश्न जैनांनाच विचारायचा असं नाही. तो ‘जीवदया’ म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

मंदिरातून निघून आम्ही वरच्या कमला नेहरू पार्कात जाऊन बसलो. तिथे तो म्हातारीचा बूट आहे, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी पाहिलेला. आमच्या चर्मकार मित्राने त्याला चक्कर मारून किती जोड कातडं लागलं असतं याचा हिशेब केला. मग झेरॉक्स बाहेर निघाली.

प्रकरण असं आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, हे शाळेत शिकवतात. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेश कायदा झाला. तेव्हा प्रांताचे पंतप्रधान बाळ गंगाधर खेर. होय, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावर आम्ही हत्तीजवळ फोटो काढत होतो तेच. (आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, त्यामुळे हा मुंबईचा कायदा आमच्याकडे नव्हता.) सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला दिगंबर जैनांचं मंदिर होतं. हरिजनांना आत जाता यावं म्हणून कलेक्टरांनी त्याचं कुलूप तोडायला लावलं. जैन मंडळी हायकोर्टात गेली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, आम्ही हिंदू नाही, त्यामुळे हा कायदा आमच्या मंदिराला लागू नाही.

याच काळात आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नधान्य सोडलं होतं. हे दिगंबर जैन समाजातले फार मोठे मुनी. जैन धर्माचं स्वतंत्र अस्तित्व या कायद्याने बुडतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि निकाल लागेपर्यंत जवळपास ३ वर्षं त्यांनी धान्य खाल्लं नाही. एकाच प्रांतात, मागेपुढे, दोन माणसं अन्न सोडतात. एक पंढरपूरचं दार उघडावं म्हणून आणि दुसरा जैन मंदिरं या कायद्याबाहेर राहावीत म्हणून. शांतिसागरांच्या मनात आपल्या लोकांबद्दल द्वेष होता असा आरोप आम्ही करत नाही. तो माणूस आपल्या धर्माच्या वेगळेपणासाठी लढत होता. पण १९३२ पासून आपल्याला एक गोष्ट कळते. थोर माणूस उपाशी बसला की त्याची किंमत ताट नसलेल्याला मोजावी लागते.

१९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तर्क साधा आणि कायद्याच्या चौकटीत पक्का होता. कायद्याचा हेतू काय, तर हिंदूंना जो हक्क आहे तो हरिजनांना देणं. अकलूजच्या जैन मंदिरात हिंदूंनाच रूढीने प्रवेशाचा हक्क होता असं दिसत नाही. मग हरिजनांना तो कुठून येणार? कलेक्टरांनी कुलूप तोडलं ते अधिकाराबाहेर होतं.

वकिलीवाल्याने कागद खाली ठेवला आणि विचारलं, ‘आता सांगा, “आम्ही हिंदू नाही” हे वाक्य कोणाचं?’

आपलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी ते उभं राहून उच्चारलं. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतले काही जण बुलडाण्यातून, अकोल्यातून, पांढरे कपडे घालून गेले होते. आमच्यासाठी ते वाक्य म्हणजे दार. आणि त्याच्या ५ वर्षं आधी, त्याच महाराष्ट्रात, तेच वाक्य कोर्टात उभं राहिलं होतं ते कुलूप म्हणून. शब्द तेच. ते कशासाठी वापरले, यावर सगळं ठरलं.

हा एकटा प्रसंग नाही. अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथाच्या लोकांनीही हरिजन आत येतील म्हणून १९४८ मध्ये कोर्ट गाठलं, आणि त्यांचंही म्हणणं हेच की आम्ही सत्संगी हिंदू नाही. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९६६ मध्ये तिथे निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकरच होते. या वेळी कोर्टाने सांगितलं की तुम्ही हिंदूच आहात, आणि दार उघडावं लागेल. आमच्या चळवळीतल्या पोरांना संविधानाच्या कलम २५ मधलं ते स्पष्टीकरण खटकतं, ज्यात हिंदू या शब्दात शीख, जैन, बौद्ध धरले आहेत. ‘बाबासाहेबांनी आपल्याला हिंदूत कसं घातलं?’ असा प्रश्न दर शिबिरात येतो. ते स्पष्टीकरण कोणाच्या पाठीवर हिंदू असा शिक्का मारायला नाही. ते धर्मस्थळं सगळ्यांना खुली करण्याच्या तरतुदीपुरतं आहे. ‘आम्ही वेगळे’ म्हणून कोणालाही दाराआड लपता येऊ नये, यासाठी. अकलूज वाचल्यावर त्याचा अर्थ कळतो.

अकलूजची पळवाटही फार दिवस टिकली नाही. १९५६ साली मुंबई राज्याने सार्वजनिक पूजास्थळांत प्रवेशाचा नवा कायदा केला. त्यात हिंदूंबरोबर जैन, शीख आणि बौद्ध यांची स्थळं नाव घेऊन आली. पुढे २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाण्याचा हक्क हायकोर्टात मागितला गेला, तो याच कायद्याच्या आधाराने. म्हणजे वाळकेश्वरला आम्ही हसतखेळत आत गेलो, त्या मोकळेपणामागे हा कायदा उभा आहे. त्या आजोबांचा चांगुलपणा खराच होता. पण चांगुलपणा आणि हक्क यांत फरक असतो. चांगुलपणाचा मूड बदलू शकतो.

आता कोणी म्हणेल, चला, जैनांना झोडायला मुद्दा मिळाला. थांबा. कर्मवीर भाऊराव पाटील जन्माने जैन. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच पोराने १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत बसवलं. महाराष्ट्रात आपली किती पोरं ‘रयत’मध्ये शिकली याची मोजदाद करा. कुलूप लावणारे जैन होते आणि आंघोळ नाकारणाराही जैनच होता. जैनांना वेगळा धर्म म्हणून अल्पसंख्याकांचा दर्जा केंद्राने २०१४ मध्ये दिला, तोही योग्यच झाला. वेगळेपणाला आमचा विरोध असूच शकत नाही, आम्ही स्वतः वेगळे आहोत. शिवाय कुलपाचा स्वभावच असा की ते परक्यावर थांबत नाही. आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे. श्वेतांबर आणि दिगंबर यांच्या वादात ते १९८१ पासून बंद होतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं. जैनांनीच जैनांसाठी घातलेलं कुलूप, ४० वर्षांहून जास्त.

आणि मंदिराचं दार उघडलं म्हणजे सगळं उघडलं असंही नाही. बाबासाहेबांना हे फार आधी दिसलं होतं. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या सत्याग्रहाच्या वेळी ते वऱ्हाडात आले. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आणि १९३४ मध्ये त्यांनी भाऊराव गायकवाडांना कळवलं की मंदिर प्रवेश हे साध्य नव्हतंच, आपल्या लोकांना जागं करण्याचा तो मार्ग होता. पुढच्या वर्षी येवला. आज पार्कातल्या कठड्यावरून खाली पाहिलं की ज्या इमारती दिसतात, तशा इमारतींत घर मागायला गेलेल्या माणसाला दलाल आधी विचारतो, व्हेज की नॉनव्हेज? आमच्या गावचा एक मुलगा मुंबईत चांगल्या नोकरीला आहे. या एका प्रश्नावर त्याला ४ सोसायट्यांतून परत यावं लागलं. आडनाव विचारायची गरजही उरली नाही, ताटावरून सगळं कळतं. २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने एका समाजापुरतं सभासदत्व राखणारा नियम ग्राह्य धरला. देवळाला १९५६ चा कायदा लागू आहे, जिन्याला नाही. म्हणून ज्यांना अजून वाटतं की आपली लढाई गाभाऱ्याशी आहे, त्यांनी एकदा मुंबईत भाड्याचं घर शोधून पाहावं.

इथवरचं सगळं आम्ही गाडीत जोरजोरात बोलत होतो. कल्याण गेलं, इगतपुरी गेलं. खालच्या बर्थवर आमचा चर्मकार मित्र गप्प होता. ग्रुपवरचे मेसेज वाचत असेल असं वाटलं. मग म्हणाला, ‘भाऊ, एक इचारू? राग नोका मानू. मी तुमच्या विहारात दर रविवारी येतो. पोरांले गणित शिकवतो. मायी माय काहून नाई येत, हे कोनी इचारलं का तिले?’

कोणी विचारलं नव्हतं.

‘तिले कोनी बोलावलंच नाई,’ तो म्हणाला. ‘तिले वाटते, ते तुमचं हाये.’

आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, विहार सर्वांसाठी खुलं आहे, कोण अडवतंय? आणि म्हणता म्हणता थांबला. कारण हे वाक्यही आम्ही त्याच दिवशी ऐकलं होतं. आम्हाला कुठे कोणी अडवलं होतं?

तर मूळ मुद्दा हा आहे, आणि फोटोवर चिडलेल्या मित्रांनी चिडायचंच असेल तर इथे चिडावं. १९५६ च्या त्या कायद्याच्या यादीत बौद्धांची स्थळंही आहेत. आपण ती यादी दुसऱ्यांसाठी वाचतो. आपल्या वस्तीतल्या विहारात वंदनेला कोण असतं? पूर्वाश्रमीचे महार. मातंग मित्र जयंतीच्या मिरवणुकीत असतात, १४ एप्रिलला स्टेजवर सत्कारालाही असतात, वंदनेला नसतात. चर्मकार घरं विहारापासून ३ गल्ल्यांवर आहेत. भटक्या जमातींची पालं स्टेशनच्या पलीकडे पडतात, तिथली पोरं आमच्या अभ्यासिकेच्या खिडकीतून आत बघतात आणि पुढे जातात. आपण कोणाला हाकलत नाही, हे खरं. आपण कोणाच्या घरी जाऊन ‘चला’ही म्हणत नाही. ‘बौद्ध’ हा शब्द आपल्या गावात धर्माचं नाव म्हणून कमी आणि जुन्या जातीचं नवं नाव म्हणून जास्त वापरला जातो. सोयरिक जुळवताना तर उघडच. ‘आम्ही हिंदू नाही’ या वाक्याचं आपल्याही हातात कुलूप होऊ शकतं, हे ऐकायला जड आहे. आम्हालाही ते रेल्वेच्या बर्थवर, ज्याला आपलाच समजत होतो त्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

‘त्यांनी बाबासाहेबांना स्वीकारलं नाही तर आपण काय करणार?’ हे उत्तर आम्हाला पाठ आहे, कारण ते आम्हीच देत आलो आहोत. काही अंशी ते खरंही आहे. हिंदुत्ववादी संघटना त्या वस्त्यांत रोज जातात, आपण वर्षातून एकदा वर्गणीला जातो. मग स्वीकार कोणाचा होणार?

आता व्यावहारिक गोष्ट, कारण हा वाद हवेतला नाही. आमच्या विहार समितीपुढे एक प्रस्ताव आहे. फरशी काढून संगमरवर बसवायचा, पुढे कोरीव कमान आणि दोन बाजूंना दोन सिंह. वर्गणी बरीच जमली आहे. वाळकेश्वर पाहून आलेल्या आम्हालाच आधी वाटलं की हे व्हावं. आपल्या पोरांनीही मान दुखेपर्यंत छताकडे बघावं. गरिबाचं विहार पत्र्याचंच असावं, हा विचार आम्हाला मान्य नाही. आपल्या लेण्या कोरणाऱ्यांनी आणि कोरवून घेणाऱ्यांनी सौंदर्याची लाज बाळगली नव्हती. पण बाबासाहेबांनी पैसा जमवून आधी काय उभारलं, तेही बघा. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला मिलिंद. बुद्धाचं नाव आणि नागसेनाशी वाद घालणाऱ्या राजाचं नाव, दोन्ही कॉलेजांना. त्यांना कमानी बांधता येत नव्हत्या असं नाही.

म्हणून आम्ही समितीला लेखी दिलं आहे की संगमरवराचा विषय ६ महिने पुढे ढकला. आधी अभ्यासिकेची वेळ रात्री ११ पर्यंत करा आणि दुसरी खोली काढा. समितीत मातंग, चर्मकार आणि भटक्या समाजातला प्रत्येकी किमान एक सभासद घ्या. सल्लागार म्हणून नको, सहीचा अधिकार असलेला. आणि रविवारच्या वंदनेआधी महिला मंडळाच्या दोघी-दोघींनी त्या ३ गल्ल्यांत आणि पालांवर जाऊन यावं, वर्गणीची पावती घरी ठेवून. समितीतल्या काहींचं म्हणणं आहे की सभासद घेतल्यावर त्यांनी घरातले देव काढले नाहीत तर? हा प्रश्न खोटा नाही. त्यावर आमच्याकडे तयार उत्तर नाही. उपालीला बुद्धाने विचार करायला वेळ दिला होता, एवढंच आम्ही बैठकीत म्हणालो. त्यावर एक काका म्हणाले, उपालीला वेळ दिला, पण समितीत घेतला नव्हता. हशा झाला, आणि विषय पुढे गेला.

बैठक ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, संध्याकाळी ७ वाजता विहारातच आहे. संगमरवराचं अंदाजपत्रक आणि घरांची यादी, दोन्ही टेबलावर असतील. चर्मकार मित्राच्या आईला बोलवायला आमच्यातल्या एकाची आई जाऊन आली. तिने चहा दिला, येईन म्हणाली नाही, नाही येणार असंही म्हणाली नाही. शेगावात देऊळ कमी पडलं का, असं विचारणाऱ्या ज्येष्ठांनी बैठकीला येतो म्हणून कळवलं आहे, आणि येताना वकिलीवाल्याकडची ती झेरॉक्स मागवली आहे.